ऑस्ट्रेलियाच्या रानात एकटीने लांब चालणं: हा बेजबाबदारपणा आहे का?

कातळवेडी

नमस्कार मंडळी,

परवा एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता निघालं की मी ऑक्टोबरात बिब्बलमन ट्रॅकवर पाच दिवस एकटी चालून आले. पंगतीतल्या एका ज्येष्ठ काकांनी पानावरून मान वर केली आणि म्हणाले, "घरात अकरा वर्षांची लेक असताना रानात एकटं जाणं हा बेजबाबदारपणा आहे." मी गप्प बसले. ते टोचून बोलले नव्हते, काळजीने बोलले होते. म्हणूनच उत्तर देणं जड जातंय.

पाचांपैकी चौथा दिवस सविस्तर सांगते, कारण माझं म्हणणं आणि माझी शंका, दोन्ही त्याच दिवसात आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बिब्बलमन म्हणजे पर्थजवळच्या कालामंडापासून दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑल्बनीपर्यंत जाणारी सुमारे १००० किलोमीटरची पायवाट. १९७९ मध्ये सुरू झाली, १९९८ मध्ये आजच्या रूपात पूर्ण झाली. साधारण दिवसभराच्या चालीवर एकेक निवारा आहे. तीन बाजूंना भिंती, चौथी उघडी, झोपायला फळ्या, पावसाच्या पाण्याची टाकी, खड्ड्याचा संडास आणि एक वही. वाटेवर पिवळे त्रिकोण ठोकलेले असतात, त्यावर काळा साप. तो वॉगल. इथल्या मूळनिवासी नूंगार लोकांच्या श्रद्धेत नद्या आणि डोंगर यानेच घडवले.

त्या दिवशी मला मोनॅडनॉक्सच्या निवाऱ्यापासून नेरँगपर्यंत जायचं होतं. मधला माउंट कुकचा मुक्काम गाळून, म्हणजे इथले लोक ज्याला 'डबल हट' म्हणतात तसं. साधारण २५ किलोमीटर. रात्री निवाऱ्यात मी एकटीच होते. पहाटे साडेचारला उठले, मेतकूट-भात केला, टाकीतलं पाणी गाळून तीन लिटर भरलं, वहीत नाव, तारीख आणि 'आज नेरँग' असं लिहिलं आणि उजाडताना निघाले.

पहिल्या दोन टेकड्या, कथबर्ट आणि व्हिन्सेंट, उघड्या ग्रॅनाइटच्या. कातळावर शेवाळाची हिरवी गादी असते, तिच्यावर पाय पडू नये म्हणून जपून चालावं लागतं. आणि सरडे! चपटे, जणू पोळपाटावर लाटलेले. ऊन लागलं की कातळाच्या पापुद्र्याखालून निघतात आणि सूऽऽ करून पळतात. खाली उतरल्यावर ऑल्बनीचा हायवे ओलांडायचा. दोन मिनिटं ट्रकांचा आवाज, की पुन्हा जर्राहचं रान. जर्राह, मॅरी ही सगळी आपल्या निलगिरीची भावंडं. ऊन तापल्यावर लहानपणी सर्दीला रुमालावर घालायचे तो वास येतो. शिओकची झाडं तर थेट कोकणातल्या सुरूची आठवण देतात.

दुपारी एकला माउंट कुकच्या माथ्यावर होते. ५८२ मीटर, डार्लिंग रांगेतलं सर्वांत उंच ठिकाण. आपल्या मानाने टेकाडच, पण चारी बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत रान आणि त्यात एक घर नाही. २००३ च्या वणव्यात हा डोंगर फार भाजला होता. करड्या वठलेल्या खोडांमधून नवं रान उठलंय.

पुढे कण्यावर कातळच कातळ. वॉगल ठोकायला झाड नाही, दगडांच्या लगोऱ्यांवर चालायचं. एका मोठ्या शिळेला वळसा घातला आणि समोर छान मळलेली वाट दिसली, ती धरली. दहा-बारा मिनिटं चालले असेन. मग लक्षात आलं, बऱ्याच वेळात त्रिकोण दिसला नाही. वाट तर स्वच्छ होती! वाकून पाहिलं तर मातीत बुटाचा एकही ठसा नाही, सगळ्या कांगारूच्या लेंड्या.

इथे मला खरी भीती वाटली. सह्याद्रीत वाट चुकले की मी ढोरवाट धरते. गुरं संध्याकाळी घरी जातात, त्यामुळे ढोरवाट फिरून फिरून का होईना, कुठल्या तरी गोठ्याशी नेते. तिथे कुत्रं भुंकतं, मग एखादी मावशी दारात येते आणि "कुठनं आलात?" म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करते. कांगारूला गोठा नाही. त्याची वाट चरत जाते आणि झुडपात विरून जाते. वीस वर्षांची माझी सवय त्या क्षणी उलटी फिरवावी लागली. मागे वळले, आलेल्याच पावलांनी शेवटच्या लगोरीपर्यंत गेले, सॅक तिथे ठेवली, आणि ती नजरेआड होऊ न देता पुढची खूण शोधली. पस्तीस मिनिटं गेली.

उतारावर जांभ्याचे गोल खडे, हरभऱ्याएवढे. पाय ठेवला की घरंगळतात. एकदा बसले खाली, हाताला खरचटलं. साडेपाचला नेरँग. टाकीला पाणी होतं. वहीत नाव लिहिलं तेव्हा कुणाला तरी भेटल्यासारखं वाटलं.

आता प्रश्न. मुलांची जबाबदारी असताना असं एकटं जाणं बेजबाबदारपणाचं आहे का? तुम्ही कुठे रेघ मारता? मनापासून सांगा, कौतुक नको.

---

पिंपळपान

फार सुंदर लिहिलंय. कांगारूला गोठा नाही, हे वाचून थांबले. वाचनखूण साठवली.

---

नाणेघाटी

ताई, कौतुक नको म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो. मी जुन्नरकडचा, चाळीस वर्षं डोंगरात आहे. आमच्याकडे नव्या पोरांना पहिला नियम शिकवतो तो एकट्याने न जाण्याचा. तीन जण हवेत. एक पडला तर एक त्याच्याजवळ थांबेल, एक मदत आणेल. घसरून पडलात तेव्हा हाताऐवजी घोटा गेला असता तर? काका चुकीचं बोलले असं मला वाटत नाही.

पण शेवटच्या खुणेपर्यंत मागे गेलात हे शंभर टक्के बरोबर केलंत. आजवर आम्ही जितके लोक शोधून आणले, त्यातले बहुतेक 'थोडं पुढे जाऊन बघू' म्हणून अडकले होते.

---

पर्थकर_११

@नाणेघाटी, नियम मान्य. पण सह्याद्रीत धोका वेगळा आहे. तिथे कडे आहेत, घसारा आहे, पावसाळी निसरडं आहे. बिब्बलमनच्या या भागात दोर लागेल असं काही नाही, वाट आखलेली, मुक्कामाला पाणी. इथे धोका आहे तो माणूस नसण्याचा. तो एका यंत्राने बराच कमी होतो.

पीएलबी म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाकडे संकेत जातो आणि तिथून बचाव यंत्रणेकडे. ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी अथॉरिटीकडे नोंदणी फुकट असते. नोंदणीत घरच्यांचा फोन आणि प्रवासाचा बेत टाकता येतो, म्हणजे संकेत आल्यावर ते आधी घरी फोन करून खातरजमा करतात. मोबाइलवर विसंबू नका, या वाटेवर बराच काळ रेंज नसते. ताई, तुमच्याकडे होतं ना?

---

कातळवेडी

होतं. सॅकमध्ये नव्हे, कमरेच्या पट्ट्याला. सॅक दरीत गेली तर यंत्रही जातं, हे मला इथल्याच एका आजींनी शिकवलं. सत्तरीच्या आहेत, दर वर्षी एकट्या चालतात.

---

खारदांडा

एक सूचना, अवांतर असली तरी लिहितो. इथली अशी यंत्रं, विशेषतः उपग्रहावरून संदेश पाठवणारी, सुट्टीला भारतात येताना सॅकमध्ये विसरू नका. परवानगीशिवाय ती बाळगणं भारतात गुन्हा आहे. विमानतळावर परदेशी ट्रेकरांना या कारणाने अटक झालेली आहे. हिमालयात जायचं म्हणून कौतुकाने घेऊन येतात आणि फसतात.

---

रानजाई

मी मार्गारेट रिव्हरला राहते. केप टू केप दोनदा आणि बिब्बलमनचा दक्षिण भाग एकटीने केलाय. मला एक गोष्ट जाणवते. पुरुषांना कुणी 'बेजबाबदार' म्हणत नाही, 'धाडसी' म्हणतात. कातळवेडीचा नवरा पाच दिवस गेला असता तर काकांनी वाटेचं वर्णन विचारलं असतं.

आणि भीतीचं म्हणाल तर मला रानात जनावरांची भीती वाटली नाही, पहिल्या वेळी माणसांची वाटली. म्हणून मी गाडीरस्त्याच्या कडेला मुक्काम करत नाही. निवारे बहुतेक रस्त्यापासून आत आहेत, तिथे येणारा माणूस सॅक घेऊन घाम गाळूनच येतो. आजवर सगळे चांगलेच भेटले. एका रात्री होतं नव्हतं तितकं पाणी उकळून मला चहा देणारं एक जोडपं भेटलं, त्यांचं नावही मला माहीत नाही.

---

नाणेघाटी

@रानजाई, तुमचा मुद्दा पटला. मी पुरुषांनाही तेच सांगतो, पण जेवणाच्या पंगतीत कुणाला काय सुनावलं जातं हे खरंच वेगळं असतं.

---

सुगरण_सिडनी

मेतकूट-भात वाचून पोटात खड्डा पडला. बाकी काय काय नेता ते लिहा ना.

---

कातळवेडी

पाच दिवसांचं: सकाळी मेतकूट-भात किंवा दडपे पोहे (कांदा वाळवलेला), दुपारी खाकरा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. संध्याकाळी भाजलेल्या मुगाच्या डाळीची खिचडी, तूप छोट्या डबीत. थालीपिठाची भाजणी नेते आणि तव्याऐवजी भांड्याच्या झाकणावर लहान लहान थापते. आमसुलं हवीतच. चार आमसुलं, मीठ, साखर बाटलीत टाकली की दुपारी पाय वळत नाहीत.

भारतातून येताना हे सगळं जाहीर करून आणा. आणि पूर्वेकडून पर्थला विमानाने येत असाल तर फळं, मध आणू नका, या राज्याचे नियम त्याबाबत वेगळे आणि कडक आहेत.

---

चकवा

खाण्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी ड्वेलिंगअप गावाच्या उत्तरेला एका निवाऱ्यात सॅक नुसती उघडी ठेवून झोपलो. रात्री खुडबुड. टॉर्च मारला तर मांजराएवढा, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, आईने भरून दिलेली शंकरपाळ्यांची पिशवी तोंडात! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तो पिशवीसकट गेला. सकाळी वहीत बघितलं तर आधीच्या चौघांनी त्याच्या नावाने तक्रार लिहिलेली. तो चुडिच. पोटाला पिशवी असलेला मांसाहारी प्राणी, पूर्वी देशाच्या मोठ्या भागात होता, आता मुख्यतः नैऋत्येच्या रानांत उरलाय. त्यामुळे शंकरपाळे गेल्याचं दुःख नाही. पण माणसाचं खाणं त्यांना चांगलं नाही, म्हणून आता घट्ट झाकणाचा डबा नेतो.

---

सुगरण_सिडनी

चुडिचला पाकाचे की खुसखुशीत, कुठले आवडले ते आईला कळवलंत का? :)

---

चकवा

कळवलं! पुढच्या वेळी दोन पिशव्या दिल्या. एक त्याच्या नावाची.

---

औषधी_गवत

मी इथे एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात काम करते. सापाबद्दल अजून कुणी विचारलं नाही, पण एकट्याने चालण्याच्या प्रश्नात ते फार महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पर्थच्या डोंगरात ड्युगाइट आणि टायगर स्नेक दोन्ही आहेत, दोन्ही जहाल. तरी ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला साधारण दोनच मृत्यू होतात. भारतात हा आकडा हजारोंत आहे. फरकाची कारणं अनेक आहेत: इथे शेतात अनवाणी राबणारे लोक कमी, वस्ती विरळ, औषध पोचवायची यंत्रणा चांगली. पण एक कारण प्रथमोपचार हेही आहे.

मेलबर्नच्या स्ट्रुआन सदरलँड यांनी १९७० च्या दशकात दाबपट्टीची पद्धत मांडली. इथल्या सापांचं विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून पसरतं. हातपाय पूर्ण गुंडाळून हलूच दिला नाही तर विष पुढे सरकायला खूप वेळ लागतो. रुंद लवचीक पट्टी घ्यायची, दंशावर गुंडाळायची, मग बोटांपासून वर अख्खा पाय. मुरगळलेल्या पायाला बांधतो तेवढी घट्ट. काठी लावून पाय ताठ बांधायचा. जखम धुवायची नाही, कारण कातडीवरच्या आणि कपड्यावरच्या विषावरून साप ओळखायला मदत होते. काही पट्ट्यांवर आयत छापलेले असतात. ताणल्यावर त्यांचे चौकोन झाले की ताण बरोबर. एकट्या माणसाला हे सोयीचं, कारण घाबरलेल्या हातांना अंदाज येत नाही.

यानंतर चालायचं नाही. एक पाऊलही नाही. म्हणूनच एकट्याने जाणाऱ्याकडे पट्टी आणि पीएलबी दोन्ही हवेत. पट्टी आहे पण यंत्र नाही, तर मदतीसाठी चालावं लागेल आणि चालण्याने विष पसरेल.

महत्त्वाचं: ही पद्धत डोळे झाकून सह्याद्रीत वापरू नका. घोणस आणि फुरसं यांचं विष दंशाच्या जागचं मांस नासवतं. तिथे घट्ट दाबून ठेवलं तर ते आणखी नासतं. आपल्याकडे अवयव स्थिर ठेवून लवकरात लवकर सरकारी दवाखाना गाठणं हेच खरं. दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं दोन्ही देशांत चूक.

---

नाणेघाटी

डॉक्टर, शेवटचा परिच्छेद आमच्या गटाच्या फलकावर लावला तर चालेल का? आमच्याकडचे एक-दोन हौशी परदेशी चित्रफिती बघून पट्ट्या घेऊन आलेत.

---

औषधी_गवत

जरूर लावा. नाव नको.

---

ब्लू_माउंटनचा_दादा

साप एक वेळ दिसतो तरी. आम्हा सिडनीकडच्यांची डोकेदुखी गोचीड. मी सिडनी ते न्यूकॅसलचा ग्रेट नॉर्थ वॉक (२५० किलोमीटर, १९८८ चा) तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण केला. पूर्व किनाऱ्यावरची ही गोचीड चावून काही जणांना पुढे मटण, बीफ, डुकराचं मांस यांची ॲलर्जी होते. सिडनीतल्याच डॉ. शेरिल व्हॅन नूनेन यांनी गोचीड आणि मांसाची ॲलर्जी यांचा संबंध प्रथम दाखवला. माझ्या मित्राला झालीय, त्याला आता श्रावण बारा महिने. गोचीड बोटांनी चिरडून काढू नका. चिरडली की ती आतलं सगळं तुमच्या अंगात सोडते. औषधाच्या दुकानात तिला जागच्या जागी गोठवून मारणारा फवारा मिळतो, तो वापरा.

पर्थकर, ही पक्षाघात आणणारी गोचीड तुमच्याकडे नाही, याबाबतीत तुम्ही सुखी आहात.

---

पर्थकर_११

सुखी, पण आमच्या दुसऱ्या जातीच्या गोचिडी वसंतात मोज्यात भरतातच. रोज रात्री अंग तपासावं लागतं.

---

सहा_ऋतू

'वसंत' शब्द आला म्हणून. नूंगार लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात: बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कंबारांग. वाचलं तेव्हा मला आपले सहा आठवले आणि फार बरं वाटलं. शाळेत आपण वसंत-ग्रीष्म-वर्षा पाठ करतो आणि मग आयुष्यभर उन्हाळा-पावसाळा-हिवाळाच जगतो, इथे मात्र ट्रॅकवरची जुनी मंडळी अजून कंबारांग म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ. फुलं शिगेला, साप उन्हाला येतात, मॅगपाय पक्षी पिल्लांपायी डोक्यावर झडप घालतात. म्हणजे ताईंनी सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत सावध राहायचा ऋतू निवडला.

आणखी एक. ग्रॅनाइटवर नूंगारांचे पाण्याचे खळगे असतात, त्यांना 'नॅमा' म्हणतात. कातळातला नैसर्गिक खळगा, त्यावर सपाट दगड झाकलेला, म्हणजे पाणी उडून जाऊ नये आणि जनावराने नासवू नये. आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्यांचा हा थोरला भाऊ. कुठे दिसला तर दगड हलवू नका, आत हात घालू नका.

---

कातळवेडी

@सहा_ऋतू, धन्यवाद. मला ऋतूंची नावं माहीत होती, आपल्या सहांशी कधी जोडून पाहिली नव्हती. त्या दिवशी फुलं खरंच एवढी होती की... निळी-जांभळी होव्हिया वाटेवर वाकून आलेली, आणि एका ठिकाणी बॉबटेल सरड्यांची जोडी. खवले अगदी मंगलोरी कौलांसारखे. मी फार जवळ गेले तेव्हा एकाने तोंड उघडून निळी जीभ दाखवली. दुसरा त्याच्यामागेच थांबला, पळाला नाही. कित्येक वर्षं वसंतात तीच जोडी एकत्र येते म्हणतात. मी दहा मिनिटं तिथे बसले. बरोबर कुणी असतं तर मी 'चला' म्हटलं असतं.

---

गवतझाड

मी ट्रॅकची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी आहे. एक विनंती. वाटेवर बूट घासायचे ब्रश आणि पेट्या ठेवलेल्या दिसतात. कंटाळा न करता घासा. फायटोप्थोरा नावाचा रोगकारक जीव मातीतून मुळांत शिरतो. बँक्सिया, बाल्गा, जर्राह उभी वाळतात. इथले लोक नुसतं 'डायबॅक' म्हणतात. चिखलाचा एक गोळा एका खोऱ्यातून दुसऱ्यात गेला की पुरे. एकदा लागण झालेल्या रानातून तो समूळ काढण्याचा उपाय नाही. शंभर वर्षांची बाल्गा मान टाकून पडलेली बघवत नाही हो.

आणि तंबू मोठ्या निलगिरीखाली ठोकू नका. ही झाडं वारा नसतानाही फांद्या टाकतात.

---

घरी_थांबलेला

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोय. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझी बायको दोन वर्षांपूर्वी लारापिंटा एकटी चालली. ॲलिस स्प्रिंग्ज ते माउंट सोंडर, सुमारे २२०-२३० किलोमीटर. मी दोन मुलांसह घरी.

नवव्या दिवशी रात्री आठपर्यंत तिचा संदेश यायला हवा होता, आला नाही. साडेअकराला आला. यंत्राची बॅटरी संपली होती, दुसऱ्या एका चालणाऱ्याकडून भरून घेतली. साडेतीन तास. त्या साडेतीन तासांत मी काय करायचं हे आमचं ठरलेलंच नव्हतं. आठला पोलिसांना सांगायचं? दहाला? सकाळी? मी घाईत सांगितलं आणि ती ठणठणीत असली तर? नाही सांगितलं आणि ती कुठे पडलेली असली तर? धाकटा विचारत होता, "आईचा मेसेज आला?" मी म्हणत होतो, येईल.

ती बेजबाबदार नाही. ती माझ्यापेक्षा शंभरपट नीट आहे. पण आम्ही तिच्या सॅकचं एकेक ग्रॅम मोजलं आणि माझ्या हातात काहीच दिलं नाही. काकांचा प्रश्न मला तिथे लागू पडतो असं वाटतं. जाण्याबद्दल नव्हे. मागे राहिलेल्याला काय सांगून गेलात, याबद्दल.

कातळवेडी, तुम्ही घरी काय ठेवून गेला होतात?

---

रानजाई

@घरी_थांबलेला, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी एकटी राहते, माझा कागद शेजारणीकडे असतो. पण त्यावर 'किती वाजता काय करायचं' हे मीही कधी लिहिलं नव्हतं.

---

नाणेघाटी

घरी_थांबलेला साहेबांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर तिघांचा नियम सांगितला. त्यातला तिसरा, मदत आणणारा, घरी बसलेला असू शकतो हे मी धरलंच नव्हतं. पण मग त्याला तिसऱ्यासारखी सगळी माहिती हवी. गावात कुणाकडे जायचं, कुठल्या वाटेने वर यायचं, सगळी. नुसतं 'रविवारी येते' म्हणून चालणार नाही.

तरी एकट्याने जायच्या मी विरोधातच आहे, हे नोंदवून ठेवतो. वय झालं, मत पटकन वळत नाही.

---

वाटसरू७७

मध्येच विचारतो, माउंट कुक एका दिवसात जाऊन-येऊन होतं का? मुलांना न्यायचं आहे. वय नऊ आणि बारा.

---

पर्थकर_११

होतं. हायवेवर सलिव्हन रॉकचं पार्किंग आहे, तिथून जाऊन-येऊन अंदाजे १५-१६ किलोमीटर. नऊ वर्षांच्या मुलाला लांब पडेल, सकाळी लवकर निघा. हायवे ओलांडताना मुलांचा हात सोडू नका, ट्रक फार वेगात येतात. उन्हाळ्यात नको. निघायच्या आदल्या दिवशी वणव्याचा इशारा आणि वाट बंद आहे का ते बघा. रान मुद्दाम जाळून साफ करायच्या मोसमात वाट वळवलेली असते.

---

कातळवेडी

@घरी_थांबलेला, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिसऱ्या रात्री मला झोप नव्हती, तुला सांगितलं नाही." पाच दिवस मला माझी भीती माहीत होती, त्याची आज कळली.

मी फ्रिजवर कागद ठेवला होता. त्यावर रोजच्या मुक्कामांची नावं होती आणि 'शनिवारी दुपारी फोन करेन' असं होतं. बस. तुम्ही म्हणता तेच त्यात नव्हतं. काल रात्री आम्ही दोघांनी बसून तो नव्याने लिहिला. लेकीने शेवटची ओळ घातली. जसाच्या तसा देते, कुणाला उपयोगी पडला तर घ्या, सुधारणा सुचवा:

"निघणार: बुधवार सकाळ ७, ब्रुकटन हायवेवरून. गाडीने सोडणार: तू.
मुक्काम: कॅनिंग, मोनॅडनॉक्स, माउंट कुक, नेरँग. डबल हट नाही. बेत वाटेत बदलणार नाही. बदललाच तर फक्त मागे फिरण्यासाठी.
सॅक निळी, तंबू हिरवा, टोपी केशरी. पीएलबी कमरेला, नोंदणीचा कागद खालच्या कप्प्यात.
रोज संध्याकाळी संदेश येईल असं धरू नकोस, रेंज नसते. न येणं म्हणजे वाईट बातमी नाही.
रविवारी दुपारी ३ ला हायवेवर भेटायचं. ५ पर्यंत मी आले नाही तर तू वाटेवर शिरायचं नाही, मुलीला घेऊन तर नाहीच. गाडीपाशी थांब.
६ वाजता पोलिसांना फोन, हा कागद वाचून दाखव. मी ठणठणीत असले आणि शोधपथक आलं तर मला लाज वाटेल, ती माझी मी बघेन. तू विचार करत बसायचा नाही.
आई, वहीत रोज माझंही नाव लिही."

---

गवतझाड

दोन भर घाला. कुठल्या बुटाचा तळ, त्याचा फोटो कागदाबरोबर ठेवा. शोधणाऱ्यांना ठसा ओळखायला उपयोगी पडतो. आणि रोजची औषधं असतील तर त्यांची नावं.

---

घरी_थांबलेला

'तू वाटेवर शिरायचं नाही' ही ओळ मला हवी होती. त्या रात्री मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होतो, हे कुणाला सांगितलं नव्हतं. कागद उतरवून घेतला. बायकोला मे महिन्यात हेसनवर जायचंय, दक्षिण ऑस्ट्रेलियात. त्याआधी वणव्याच्या मोसमात ती वाट बहुतांशी बंदच असते. आज जेवण झाल्यावर बसतो दोघं.

---

वाटसरू७७

@औषधी_गवत, ती आयताची पट्टी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते का? मुलांसाठी किती घेऊ?

---

औषधी_गवत

बहुतेक ठिकाणी मिळते. सापासाठीची, दहा सेंटिमीटर किंवा जास्त रुंद अशी मागा. माणशी दोन घ्या. आणि घरी दोघांनी मुलांच्या पायावर बांधून बघा, पहिली वेळ रानात नको.